उंच पोरांचा सोपान

सोपान गेल्याचा फोन ओंकारनं केला. सकाळचे साडेसात वाजले असतील, मी गॅलरीत पेपर उघडून बसलो होतो. ओंकार हा जवळच्या नेरे गावचा मुलगा, कॉलेजात शिकणारा, सोपानच्या हाताखाली बास्केटबॉलमध्ये तयार झालेला. उंची साडेसहा फुटांच्या जवळ, आवाज मात्र अजून कोवळा. "काका, सर गेले," एवढंच म्हणाला आणि मग नुसता त्याचा श्वास ऐकू येत राहिला. मी विचारलं, "कुठं गेले?" खरंच असं विचारलं मी. आदल्याच रविवारी दोन तास आम्ही कोर्टवर बरोबर होतो. बावन्न वर्षांचा धडधाकट माणूस. 'गेले' या शब्दाचा दुसरा अर्थ माझ्या डोक्यात शिरायलाच तयार नव्हता. नंतर कळलं ते असं, की तो म्हशींना वैरण टाकून आला, ओट्यावर टेकला, बायकोकडे, मंगलवहिनींकडे, चहा मागितला, आणि वहिनी कप घेऊन बाहेर येईपर्यंत सगळं संपलं होतं.

मी राहतो चांद्यातल्या एका टॉवरमध्ये, तो शेजारच्या नांद्याचा. पंधरा मिनिटांत मी तिथं पोचलो. तिरडी बांधायला घेतली होती, पण आणलेले बांबू त्याच्या उंचीला पुरत नव्हते. भावकीतल्या कुणीतरी जाऊन लांब बांबू तोडून आणले. मग खांदा द्यायची वेळ आली आणि वेगळीच अडचण उभी राहिली. एका बाजूला भावकीतली माणसं, साडेपाच फुटांच्या आतबाहेरची. दुसऱ्या बाजूला सोपानची पोरं, म्हणजे त्यानं खेळायला शिकवलेली कॉलेजची मुलं, एकेक ताडासारखी. उचलल्याबरोबर तिरडी कलली. "आरं, कलतंय, कलतंय!" म्हणून कुणीतरी ओरडलं. तेव्हा त्या चारपाच मुलांनी एकमेकांकडे पाहिलंसुद्धा नाही. सगळीच्या सगळी गुडघ्यात वाकली. पाठ ताठ, मांड्या ताणलेल्या, आणि त्याच अवस्थेत ती मुळा नदीच्या काठापर्यंत चालत गेली. करून बघा कधी, शंभर पावलंसुद्धा जमत नाहीत. मी मागून चालत होतो. ते चालणं मला ओळखीचं होतं. त्यांना ते कुणी शिकवलं हे साऱ्या गावाला माहीत होतं. पण सोपानला ते कुणी शिकवलं, हे तिथल्या गर्दीत बहुधा एकट्या मला ठाऊक होतं.

सोपान पहिल्यांदा भेटला तो तीसहून अधिक वर्षांपूर्वी, पुण्याच्या आमच्या कॉलेजात. प्रवेशाच्या रांगेत सगळ्यांच्या वर त्याचं डोकं दिसत होतं. आमच्या क्रीडाशिक्षकांनी ते जिन्यावरून पाहिलं आणि अर्ज भरायच्या आधीच त्याला संघात घेऊन टाकलं. त्यानं बास्केटबॉल हातातही धरला नव्हता. सूसवरून येणाऱ्या बसनं तो रोज यायचा, डबा फडक्यात बांधलेला असायचा, आणि बास्केटला तो 'टोपली' म्हणायचा. आम्ही हसायचो. मीही हसायचो. मी लहानपणापासून खेळत आलेला, संघाचा गार्ड. गार्ड म्हणजे बॉल घेऊन पुढं येणारा, कुणाला द्यायचा ते ठरवणारा. तेव्हा मला वाटायचं की खेळ माझा आहे आणि बाकीचे माझ्या खेळात आलेले आहेत.

उंच मुलाचं आमच्याकडे काय होतं, ते सोपानचं झालं. सरांनी त्याला टोपलीखाली नेऊन उभं केलं आणि सांगितलं, "इथून हलायचं नाही. हात वर. बॉल आला की धरायचा आणि अविनाशला द्यायचा." अविनाश म्हणजे मी. पहिलं वर्षभर सोपाननं एवढंच केलं. धरला आणि दिला, धरला आणि दिला. सर वाईट नव्हते. ते स्वतः जुने गार्ड, उंच खेळाडूला हल्ला कसा करायचा हे शिकवणार कोण? शिवाय त्यांना त्याच वर्षी सामने जिंकायचे असायचे. आम्हा बुटक्यांना शाळेपासून कुणी ना कुणी घडवलेलं असतं. उंच मुलगा सापडतो सतराव्या-अठराव्या वर्षी, आणि सापडल्याच्या दुसऱ्या दिवशी त्याला उभं करून टाकतात. पुढं सोपाननंच एकदा हे त्याच्या पद्धतीनं सांगितलं होतं, "ह्या पोरांची हाडं म्होरं गेल्याली असत्यात, अव्या. मानूस मागनं येत असतो. तेवढा दम कुनी धरत न्हाई."

पहिल्या वर्षाच्या शेवटी एका सरावानंतर तो माझ्याजवळ येऊन बसला. बूट सोडत म्हणाला, "मी काय बुजगावनं हाय का रं?"

मी म्हणालो, "म्हणजे?"

"हात वर करून हुबं राहायचं, पाखरं हाकलायची. शेतात बी तेच करतुया मी, हितं बी तेच. मला टोपलीत टाकायचंय."

मला त्याची दया आली, आणि थोडी गंमतही वाटली. दुसऱ्या दिवसापासून आम्ही तासांच्या आधी मैदानावर भेटायला लागलो. मला जे येत होतं ते मी त्याला दाखवलं, पण त्यातलं त्याच्या कामाचं फारसं काही नव्हतं. मी टोपलीकडे तोंड करून खेळायचो. त्याला टोपलीकडे पाठ करून खेळायचं होतं, मागे एक अंगानं दणकट माणूस रेटत असताना. बॉल हातात आला की एक पाय जमिनीला खिळलेला ठेवायचा आणि त्याच्याभोवती अंग फिरवायचं, एवढा नियम त्याला समजला होता. पण तो वळला की तोल जायचा, खिळलेला पाय सुटायचा, शिट्टी वाजायची. कमरेत वाकायचा आणि पुढं कोलमडायचा. दोन महिने हेच चाललं. शेवटी मीच कंटाळलो.

त्या पावसाळ्यात तो म्हणाला, "भातलावनीला ये घरी. हात लागंल तेवढाच." मी गेलो. गुडघाभर चिखलात उभं राहून रोपं लावायची होती. मी अर्ध्या तासात दोनदा बसलो, म्हणजे चिखलातच. सोपान माझ्यापेक्षा बरा, पण त्याचीही उंची त्याला नडत होती. पलीकडच्या ओळीत त्याची आई होती, माझ्या खांद्याएवढीही नसेल. मान वर न करता तिनं त्याला झापलं, "लांबड्या, कमरंत वाकशील तर दुपारपातुर मोडशील. गुडघ्यात वाक. आन् पाय उचलायच्या आधी अंग दुसऱ्या पायावर टाक, न्हायतर चिखूल सोडनार न्हाई तुला."

सोपान जागच्या जागी थांबला. हातात रोपांची जुडी तशीच. मग त्यानं एक पाय चिखलात रुतवला, अंग त्याच्यावर टाकलं, गुडघ्यात बसला आणि त्या पायाभोवती पूर्ण वळला. पुन्हा वळला, उलट्या बाजूनं. माझ्याकडे बघून दात काढले. आई म्हणाली, "नाचतुयास काय? लाव की." त्या दिवशी भात किती लागलं मला आठवत नाही. पण बास्केटबॉलमधली ती गिरकी सोपान त्या खाचरात शिकला, आणि त्याची पहिली गुरू कधीही बास्केटबॉल न पाहिलेली ती बाई होती, हे मी शपथेवर सांगू शकतो.

पाय आले, मग बाकीचं येत गेलं. एका हातानं, डोक्यावरून कमानीसारखा बॉल टाकायचा, ज्याला आम्ही हूक म्हणतो, तो त्यानं उजव्या हातानं बसवला. मग लक्षात आलं की विरोधक हुशार असला तर तो उजवी बाजू बंद करतो. म्हणून त्यानं डावा हात तयार करायला घेतला. सहा महिने तो सगळं डाव्या हातानं करत होता. दात घासायचा, धार काढायचा, वहीत नाव लिहायचा. डाव्या हातानं जेवायला बसला तेव्हा आईनं ताट ओढून घेतलं, असं तोच सांगायचा. पण हातापेक्षा मोठी गोष्ट त्याला कळली होती ती पाठीची. मागचा माणूस पाठीवर ज्या बाजूनं रेटतो, त्याच्या उलट बाजू मोकळी असते. बघायचं नाही, पाठीनं ऐकायचं. "पाठीला कान फुटल्यात मला," तो म्हणायचा. मी बाहेरून बॉल द्यायचो आणि आमच्यात न बोलता काहीतरी जमत चाललं होतं. त्याची पाठ कधी ऐकून मोकळी झाली हे मला त्याच्या हाताच्या पंजावरून कळायचं. पंजा उघडा दिसला की बॉल द्यायचा. उघडा पंजा म्हणजे, आता माझं ऐक.

तिसऱ्या वर्षी आम्ही आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेच्या उपांत्य फेरीत पोचलो. प्रेक्षकांत विद्यापीठाच्या संघाची निवड करणारी मंडळी बसली होती, हे आम्हाला सगळ्यांना माहीत होतं. सोपाननं त्या सामन्यात दोनदा उजव्या हातानं टाकला, एकदा डाव्या, आणि प्रेक्षकांतून "हा कोण?" असं विचारलेलं मला कोर्टवर ऐकू आलं. शेवटचे काही सेकंद उरले तेव्हा आम्ही एका गुणानं मागे होतो आणि बॉल माझ्याकडे होता. डाव्या बाजूला, टोपलीजवळ, सोपान गुडघ्यात बसलेला होता. त्याला अडवणारा विरोधक पूर्ण त्याच्या पाठीमागे अडकला होता. आणि पंजा उघडा होता.

मी तो पाहिला. हे नीट लिहायला हवं, कारण इतकी वर्षं मी स्वतःलाही गुळमुळीतच सांगत आलो... मी तो पाहिला, मला वेळ होता, मध्ये कुणी नव्हतं. आणि मी स्वतः उडी मारून बॉल टाकला. रिंगला लागून तो बाहेर गेला. शिट्टी झाली.

मी का दिला नाही? त्याच्यावर विश्वास नव्हता असं म्हणवत नाही. रोज पहाटे त्याच्याबरोबर घाम गाळणारा मीच होतो. पण माझ्या मनात कुठंतरी अजून तो 'टोपली' म्हणणारा मुलगाच बसला होता. आणि निवड करणारे बघत होते. दोन्ही खरं आहे.

निवड माझी झाली. सोपानबद्दल "उंची आहे, पण कच्चा आहे," असं सरांना सांगण्यात आलं. संघाबरोबर मी हिंडलो, बहुतेक वेळ बाकावर बसून काढला, पण निवडीच्या त्या कागदावर खेळाडूंच्या राखीव जागेतून मला सरकारी नोकरी लागली. ती मी अजून करतो आहे. सोपान त्या सामन्यानंतर बसथांब्यावर माझ्याशेजारी उभा होता. मी काहीतरी बोलेन म्हणून त्यानं थोडा वेळ वाट पाहिली असावी. मी बोललो नाही. मग बस दिसली तसा म्हणाला, "चल, येतो," आणि चढला. वर्ष संपलं, तो नांद्याला परत गेला, शेती आणि म्हशी बघायला लागला. लग्नाची पत्रिका त्यानं पाठवली होती. मी गेलो नाही. तोंड दाखवायची हिंमत नव्हती, असं आता म्हणता येतं. तेव्हा मी कामाचं कारण सांगितलं होतं.

मधली वर्षं अशीच गेली. हिंजवडीकडून घरं सरकत सरकत नांद्या-चांद्यापर्यंत आली, भातखाचरांवर टॉवर उभे राहिले आणि त्यातल्याच एकात मी घर घेतलं. राहायला आल्याच्या पहिल्याच आठवड्यात सकाळी खालून आवाज आला. सोसायटीच्या कोर्टवर बुटांची किरकिर, पण बॉलचा आवाज नाही. वाकून पाहिलं तर एक काटकुळा, लांबच लांब मुलगा टोपलीकडे पाठ करून गुडघ्यात बसला होता, आणि त्याच्या मागे पेंढा भरलेलं पोतं छातीशी धरून एक तितकाच उंच माणूस त्याला रेटत होता. "ऐक! पाठीनं ऐक! कुटनं रेटतोय मी?" तो आवाज मी कुठंही ओळखला असता. लिफ्टची वाट न बघता मी जिन्यानं उतरलो. जवळ गेलो. त्यानं पोतं खाली ठेवलं. मला वरपासून खालपर्यंत बघितलं. "पोट लई सुटलंय, अव्या," म्हणाला.

त्याचं तिथं येणं दुधामुळं सुरू झालं होतं. तो सोसायटीत दूध घालायचा. एक दिवस कोर्टवर पोरं खेळत होती, त्यात ओंकार टोपलीखाली हात वर करून उभा होता. ओंकारची आत्या त्या सोसायटीत राहायची, तो सुटीला आला होता. सोपाननं किटली जमिनीवर ठेवली आणि जाळीतून विचारलं, "कोन म्हनलं तुला तितं हुबं राहायला?" ओंकार म्हणाला, "शाळेच्या सरांनी." "आन् किती दिस हुबा हायेस?" "दोन वर्षं." सोपान जाळीचं दार उघडून आत गेला, तो पुढची सहा वर्षं बाहेर आलाच नाही म्हणायचं. ओंकार तेव्हा नुकताच दहावी झाला होता. त्याच्यामागून दुसरा आला, तिसरा आला. कुणी नेऱ्याचा, कुणी वरच्या डोंगरवाडीचा, कुणी टॉवरमधला इंग्रजी शाळेत शिकलेला. सगळ्यांत सारखी गोष्ट एकच, की त्यांना कुठं उभं राहायचं ते सांगितलं होतं आणि काय करायचं ते कुणी सांगितलं नव्हतं.

तो शिकवायचा ते बघण्यासारखं होतं. पहिले तीन महिने टोपलीकडे बॉल टाकायचाच नाही. नुसते पाय. डोळे मिटून वळायचं, खिळलेला पाय हलला की पुन्हा पहिल्यापासून. मग पोतं. मग टोपलीच्या अगदी खाली उभं राहून हातभर अंतरावरून टाकायचं, उजव्यानं, डाव्यानं, पुन्हा उजव्यानं, बॉल जमिनीला न लागू देता. इंटरनेटवर बघून मुलं लांबून टाकायचे प्रयत्न करायची तेव्हा तो अडवायचा नाही. "टाक की," म्हणायचा, "पर आधी घरचं जेवन शीक, मग हाटेलात जा." चिडलेला मी त्याला एकदाच पाहिला. सहा फूट पाच इंचाच्या एका मुलाला त्याच्या वडिलांनी सगळ्यांदेखत 'नुसता वाढलाय' असं म्हटलं तेव्हा. सोपान त्यांच्यासमोर जाऊन नुसता उभा राहिला. वडीलच मग "तसं नव्हे..." म्हणत मागे सरकले.

मी रोज गॅलरीतून बघायचो. खाली जायचो, गप्पा मारायचो, पण त्या सामन्याचा विषय मी टाळत होतो आणि तो काढत नव्हता. असं दोन वर्षं चाललं. शेवटी एका रविवारी, मुलं पाणी प्यायला गेली असताना, बाकावर त्याच्याशेजारी बसून मी म्हणालो, "सोपान, त्या दिवशी मी तुला बॉल द्यायला हवा होता."

त्यानं 'कुठल्या दिवशी' असं विचारलं नाही. टॉवेलनं मान पुसली, मग हात पुसले, एकेक बोट. म्हणाला, "व्हय. द्याया पायजे हुता."

मला वाटलं होतं, तो म्हणेल, जाऊ दे रे, जुनी गोष्ट. ती सवलत त्यानं मला दिली नाही.  टॉवेल खांद्यावर टाकून तोच बोलला, "पडला असता का न्हाई, मला बी ठावं न्हाई. कदाचित चुकला बी असता. पर मला कळलं तर असतं, अव्या. आज बी रातीचं कवा आठवतं तर एवढंच वाटतं... कळलं तर असतं."

माझ्या डोळ्यांत पाणी आलं. ते त्याला दिसलं असावं, कारण तो ताडकन उठला. "बास झालं. ऊठ. पोराला बॉल दे जरा. मी पोतं धरतो. त्याच्या हातात देऊ नगंस, त्याच्या म्होरच्या पावलावर दे." त्या दिवसापासून दर रविवारी बॉल देणं माझं काम झालं. गुडघे कुरकुरायचे, पण एकही रविवार मी चुकवला नाही. नोकरीतून मला जे काही मिळालं असेल, त्यापेक्षा त्या रविवारांनी जास्त दिलं असं म्हटलं तर कुणाला खोटं वाटेल. वाटू दे.

ओंकार कॉलेजात गेला तेव्हा त्याच्या तिथल्या प्रशिक्षकांनी आधी कुरकुर केली. सेंटरनं, म्हणजे संघातल्या उंच खेळाडूनं, टोपलीखालून हलू नये असं त्यांचं मत. सोपान एकदा त्यांना भेटून आला, काय बोलला देव जाणे, पण पुढच्या मोसमात ओंकारला बॉल मिळायला लागला. त्याचा एक महत्त्वाचा सामना बघायला आम्ही दोघं गेलो होतो. ओंकार सुंदर खेळत होता. डाव्या खांद्यावरून वळून टाकलेला त्याचा हूक बघताना मी शेजारी पाहिलं तर सोपानचा डावा हात मांडीवरून आपोआप उचलला गेला होता. शेवटच्या क्षणी त्यांचा संघ एका गुणानं मागे होता. गार्डनं बॉल ओंकारला दिला. दिला! मी सोपानचा दंड धरला. ओंकारवर दोघे जण तुटून पडले. तो वळला असता, उडी मारली असती, तर कुणी दोष दिला नसता. पण कोपऱ्यात त्यांचा एक बुटका मुलगा एकटा उभा होता. ओंकारनं दोघांच्या डोक्यावरून बॉल त्याला दिला. त्या मुलानं टाकला. चुकला. सामना गेला.

सोपान उभा राहून टाळ्या वाजवत होता. आजूबाजूचे लोक बघायला लागले, हरलेल्या संघाला एवढ्या टाळ्या कशाला म्हणून. तो थांबेना. खाली गेलो तर ओंकार टॉवेलात तोंड खुपसून रडत होता. "सर, मीच मारायला हवा होता. माझी निवड गेली."

सोपान त्याच्यासमोर उकिडवा बसला. "मोकळा कोन हुता?"

"तो."

"तू?"

"माझ्यावर दोघं होते."

"मग बराबर केलंस. त्या पोराला आज झोप लागनार न्हाई, पर त्याला बॉल भेटला हुता. त्याला समद्या जल्मात कुनी असं म्हननार न्हाई की तुझ्यावर भरवसा न्हवता." आणि मग, माझ्याकडे अजिबात न बघता, तो ओंकारच्या बुटाची नाडी बांधायला लागला. खरं तर ती सुटलेली नव्हती.

त्या वर्षी ओंकारची निवड झाली नाही. पुढच्या वर्षी झाली. सोपाननं पेढे वाटले, पण मला वाटतं त्याला खरा आनंद त्या हरलेल्या दिवशीच झाला होता.

तेराव्यानंतर चार-पाच दिवसांनी मी वहिनींना भेटायला गेलो. सोपाननं घरामागे भाडेकरूंसाठी सहा खोल्या बांधल्या होत्या, हिंजवडीत काम करणारी मुलं तिथं राहतात. वहिनींनी मला त्यातल्याच एका रिकाम्या खोलीत बसवलं, घरात पाहुणे होते म्हणून. आत शिरताना काहीतरी वेगळं वाटलं आणि मी मागे वळून पाहिलं. दार नेहमीच्या दारासारखं नव्हतं. छताच्या जवळपास गेलेलं, आठ फूट तरी असेल. सहाही खोल्यांना तसंच. बाजारातला पडदा त्याला पुरत नव्हता. खालून हातभर उजेड आत येत होता.

"मिस्त्री हसत हुता," वहिनी चहा ठेवत म्हणाल्या. "म्हनला, हत्ती बांधनार का काय? तयार चौकटी घ्या, निम्म्यात काम हुईल. ह्यांनी ऐकलं न्हाई. सुताराकडनं करून घेतल्या. भाडेकरू बी कुरकुरत्यात, पडदा बसत न्हाई म्हनून." त्यांनी पदरानं डोळे टिपले. "मी इचारलं, आपन ऱ्हानार तिकडं, ह्या खोल्यांस्नी कशाला एवढाली दारं? तर म्हनले, पोरं येत्यात माजी. जल्मभर परत्येक दाराम्होरं मान घालत्यात. एका तरी ठिकानी नगं."

आम्ही बोलत होतो तेवढ्यात अंगणात गाडी थांबली. ओंकार होता. वहिनींसाठी त्याच्या आईनं डबा पाठवला होता. "काकू, आई म्हणाली, गरम आहे तोवर..." असं काहीतरी म्हणत, हातातल्या डब्याकडे बघत, तो सरळ चालत आत आला.